विसण कोण घालणार?

थर्मामीटरचा पारा १०४ वर गेला की आपल्याकडे घरात धावपळ उडते. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या बसतात, डॉक्टरांना फोन जातो आणि परगावच्या काकांना आत्ताच कळवावं की सकाळपर्यंत थांबावं, यावर दबक्या आवाजात खल सुरू होतो. कॅलिफोर्नियात त्याच १०४ अंशांच्या पाण्यात माणसं आपखुशीने उतरतात, गळ्यापर्यंत बुडून बसतात, हातात काहीतरी थंड धरतात आणि या प्रकाराला विश्रांती म्हणतात. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने हॉट टबच्या पाण्यासाठी सांगितलेली कमाल मर्यादा नेमकी हीच आहे : १०४ फॅरनहाइट, म्हणजे ४० सेल्सिअस. हा टब तिकडच्या परसदारी पडून राहिला असता तर त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं. पण गेल्या अर्धशतकात तो फार हिंडला. कंपन्यांच्या बैठकीत शिरला, इंटरनेटवर दुकान थाटून बसला आणि शेवटी थेट न्यायालयात जाऊन उभा राहिला. तिथे त्याला शपथही देतात. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि आपली दिल्ली इथल्या वकिलांना ‘हॉट टबिंग’ म्हटलं की बुडबुडे आठवत नाहीत, तज्ज्ञ साक्षीदार आठवतात. एकाच शब्दाने चैन, कायदा आणि धंदा अशा तीन घरांत संसार मांडला की त्या घरांत काहीतरी सारखं असणार, असं वाटतं. त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं : गरम पाण्यात माणसं मोकळी होतात, कपड्यांबरोबर हुद्दाही खुंटीला टांगला जातो आणि खरं बोलणं सोपं जातं. ऐकायला हे फार छान वाटतं, पण मला ते पटत नाही. टब चालतो की फसतो हे आत कोण बसलं आहे यावर ठरत नाही. बाहेर कोरडं कोण उभं आहे, यावर ठरतं.

मराठीला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे, कारण तिच्याजवळ एक शब्द आहे, जो टबवाल्या इंग्रजीजवळ नाही : विसण. बंबातलं कढत पाणी घंगाळात काढलं की ते अंगावर घेण्याजोगं करण्यासाठी वरून जे गार पाणी घालतात ते विसण. दिवाळीच्या पहाटे पाटावर तेल माखून कुडकुडत बसलेल्या माणसाला या कामात काही अधिकार नसतो. तो नुसता ‘हाय हाय’ करतो. घंगाळात हात घालून पाण्याचा अंदाज घेणारी, पदर खोचलेली, स्वतः कोरडी असलेली बाई ठरवते की अजून एक तांब्या विसण हवं की नको. यात शास्त्रही आहे. पाण्यात बसलेल्या कातडीला पाण्याची सवय होते आणि तिची साक्ष हळूहळू निकामी होत जाते. पहिल्या मिनिटाला ‘मेलो’ म्हणणारा माणूस दहाव्या मिनिटाला ‘आणखी थोडं कढत घाला’ म्हणतो. म्हणून तापमानाचा निर्णय ज्याला आंघोळ करायची आहे त्याच्याकडे ठेवत नाहीत. गीझर आल्यावर बंब माळ्यावर गेला, घंगाळ पितळेच्या भावाने मोडीत निघालं, आणि विसण हा शब्दही त्यांच्या मागोमाग निघाला आहे. तो जाण्यापूर्वी त्याच्याकडून एवढं एक काम करून घ्यावं म्हणतो.

आधी चैनीचं घर पाहू, कारण टब मूळचा तिथला. तोही सुखासाठी जन्माला आला नाही. इटलीच्या फ्रिउली भागातून जाकुझी नावाचे सात भाऊ कॅलिफोर्नियात गेले आणि विमानांचे लाकडी पंखे बनवू लागले. पुढे त्यांनी अख्खं विमानच बनवलं. १९२१ साली ते मॉडेस्टोजवळ कोसळलं आणि मेलेल्यांत एक भाऊही होता. घरच्यांनी विमानांचं नाव टाकलं आणि कुटुंब विहिरीच्या पंपांकडे वळलं. आकाशातून थेट विहिरीत म्हणायचं. त्यांच्यातल्या कँडिडोच्या लहान मुलाला संधिवात जडला. इस्पितळात त्याला खळबळत्या पाण्याचे उपचार देत, तर पंपवाल्याच्या घरी पाणी खळबळवायला कितीसा वेळ लागतो? घरच्या टबात बसेल असा पंप तयार झाला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. १९६८ साली पुढच्या पिढीतल्या रॉयने पंप आणि टब एकजीव केले, आणि आडनावाची वस्तू झाली. तिकडे कॅलिफोर्नियातल्या हिप्पी मंडळींनी वाइनचे जुने लाकडी हौद पाण्याने भरून त्यात एकत्र बसायला सुरुवात केली होती. एका बाजूला दुखणाईत मूल, दुसऱ्या बाजूला उतरलेली वाइन, असा या चैनीचा कुलवृत्तान्त आहे. पण आपल्या मुद्द्यासाठी एवढंच पुरे की या टबात काहीच ठरवायचं नसतं. पाणी फार तापलं तर उठायचं, कंटाळा आला तर उठायचं. निकाल लावायचा नसेल तिथे विसण घालणाऱ्याची उणीव भासत नाही, आणि म्हणूनच चैनीचा टब बघून ‘गरम पाण्यात सगळे समान’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे रविवारच्या रस्त्यावरून सोमवारच्या वाहतुकीचा अंदाज बांधणं आहे.

समतेचा हा दावा ज्या देशांनी शतकानुशतकं गरम पाण्यात काढली त्यांच्याकडे तपासायला न्यावा, तर तो फारसा टिकत नाही. जपानमध्ये उघड्या अंगाने जुळणाऱ्या मैत्रीला खास शब्दप्रयोग आहे आणि ऑफिसची मंडळी मिळून गरम झऱ्यांवर जातात. पण तिथेच धाकट्याने थोरल्याची पाठ चोळून द्यायची रीतही आहे. सूट उतरला, टाय उतरला, पण कुणी कुणाची पाठ चोळायची हे सगळ्यांना पाठ असतं. फिनलंडमध्ये तर संसदेच्या इमारतीत सॉना आहे, आणि २०२० साली युनेस्कोने तिथल्या सॉना-संस्कृतीला आपल्या यादीत मानाचं पान दिलं. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांच्या साठाव्या वाढदिवसाला निकिता ख्रुश्चेव्ह हेलसिंकीला आले आणि यजमानांनी त्यांना रात्री सॉनात नेलं, ही गोष्ट फिनिश माणूस फार चवीने सांगतो. पुढच्याच वर्षी पश्चिम युरोपच्या व्यापारगटाशी जोडून घेणारा करार फिनलंडला करता आला. श्रेय वाफेला द्यायचं की केक्कोनेन यांच्या मुत्सद्देगिरीला, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते : सॉनात तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचा डाव कुणाच्या तरी हातात असतो, आणि त्या रात्री तो यजमानाच्या घरचा होता.

सगळ्यात बोलका दाखला रोमन आहे. सम्राट हेड्रियन सार्वजनिक स्नानगृहात गेला असता त्याला एक म्हातारा निवृत्त सैनिक भिंतीवर पाठ घासताना दिसला. पाठ चोळायला नोकर नाही, असं त्याने सांगितलं. सम्राटाने त्याला गुलाम दिले आणि त्यांच्या खर्चाची सोयही लावून दिली. पुढच्या वेळी पाहतो तर भिंतीला म्हाताऱ्यांची रांग लागलेली, जो तो पाठ घासतोय. सम्राट म्हणाला, आता एकमेकांच्या पाठी चोळा. ही गोष्ट ज्या जुन्या चरित्रात आहे ते विश्वासाच्या बाबतीत जरा पातळच मानतात, पण म्हाताऱ्यांचा स्वभाव त्यात बरोबर उतरला आहे. सगळे उघडे होते, सगळे एकाच स्नानगृहात होते, तरी कुणाला काय मिळणार हे एकच माणूस ठरवत होता आणि ते रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ही पाठ चोळण्याची गोष्ट लक्षात ठेवावी. न्यायालयात ती पुन्हा लागणार आहे.

न्यायाचं आणि तापलेल्या द्रवाचं नातं आपल्याला तसं नवं नाही. मराठेशाहीत पुरावा अपुरा पडला की दिव्य करवत, आणि त्यातलं रवा-दिव्य म्हणजे उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हाताला पिशवी बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी ती उघडून हात पाहायचा. आजचा हॉट टब याच्या मानाने मवाळ आहे. मुख्य फरक असा की आता पक्षकाराला चटका बसत नाही, त्याच्या तज्ज्ञाला बसतो, आणि तो बसायलाच हवा होता. तज्ज्ञ साक्षीदार ही न्यायालयाची जुनी डोकेदुखी आहे. १८७३ साली इंग्लंडचे न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी स्वच्छ शब्दांत सांगून ठेवलं की पैसे देऊन आणलेला तज्ज्ञ पैसे देणाऱ्याकडे झुकतो, आणि तो बेइमान असतो म्हणून नव्हे, माणूस असतो म्हणून झुकतो. त्यानंतर एकशेवीस वर्षं उलटली, तरी १९९३ मध्ये ‘इकारियन रीफर’ नावाच्या जहाजाच्या खटल्यात न्यायाधीशांना तज्ज्ञाची कर्तव्यं पुन्हा एकेक करून मांडावी लागली. हे जहाज सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळ रुतलं आणि पेटलं होतं. प्रश्न होता अपघात की विम्यासाठी केलेला प्रताप. तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून न्यायाधीशांनी अपघात म्हटलं, अपिलात ते फिरलं आणि प्रताप ठरला. दोन्ही बाजूंना पदवीधर, अनुभवी, सभ्य माणसं बसवली आणि दोघांनी छातीवर हात ठेवून उलट सांगितलं, तर न्यायाधीशाने काय करायचं? त्याला कळतं की कुठेतरी पाणी मुरतंय. नेमकं कुठे मुरतंय ते सांगायला ज्या दोघांना बोलावलं, तेच त्याला कोड्यात टाकतात.

यावर ऑस्ट्रेलियाने काढलेला तोडगा म्हणजे हॉट टब. तिथे आधी स्पर्धाविषयक न्यायाधिकरणात अर्थतज्ज्ञांवर हा प्रयोग झाला. अर्थतज्ज्ञांवरच का, हे विचारायला नको. १९९८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाच्या नियमांत त्याला जागा मिळाली आणि न्यू साउथ वेल्सच्या जमीन व पर्यावरण न्यायालयात न्यायमूर्ती पीटर मॅक्लेलन यांनी तो नेटाने राबवला. रीत साधी आहे. दोन्हीकडचे तज्ज्ञ आपापले अहवाल देतात, मग वकिलांना बाहेर ठेवून एकत्र बसतात आणि एक कागद तयार करतात : यावर आमचं एकमत, यावर मतभेद, मतभेदाचं कारण हे. सुनावणीच्या दिवशी दोघांना एकाच वेळी शपथ देतात आणि शेजारी शेजारी बसवतात. प्रश्न आधी न्यायाधीश विचारतात. एक तज्ज्ञ दुसऱ्याला थेट विचारू शकतो. वकिलांची पाळी त्यानंतर येते. पाणी फक्त समोरच्या ग्लासात असतं. इंग्लंडने मँचेस्टरमध्ये प्रयोग करून पाहिला आणि लॉर्ड जस्टिस जॅक्सन यांच्या शिफारशीनंतर एप्रिल २०१३ पासून तो दिवाणी नियमांत घेतला. दिल्ली उच्च न्यायालयाने ओरिजिनल साइडच्या २०१८ च्या नियमांत तज्ज्ञांच्या साक्षीसाठी ही पद्धत नावासकट घातली आणि तिची कार्यपद्धती परिशिष्टात दिली. नावाबद्दल सोवळे वकील अजून नाक मुरडतात. त्यांना ‘समवर्ती साक्ष’ असं काही गंभीर हवं असतं. हाच शब्द उद्या मराठी परिभाषा समितीपुढे गेला तर ‘उष्णकुंड-साक्षपद्धती’ असं काहीतरी बाहेर पडेल आणि साक्षीदार ते ऐकूनच कबुली देतील.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहायला आपल्याकडचा सर्वांत सार्वत्रिक वाद घेऊ : गळती. समजा एका सोसायटीने बिल्डरवर दावा लावला आहे. सर्वांत वरच्या मजल्याच्या छताला ओल आली आहे, रंगाचे पापुद्रे सुटले आहेत, एका बेडरूमच्या कोपऱ्यात बुरशीचा नकाशा उमटला आहे. जुन्या पद्धतीत सोसायटीचे इंजिनिअर आधी पिंजऱ्यात उभे राहतात. त्यांची सरतपासणी, मग उलटतपासणी, मग फेरतपासणी, आणि मग पुढची तारीख. दोन पावसाळे जातात, घोंगडं भिजतच राहतं, छतही. मग बिल्डरचे इंजिनिअर येऊन सांगतात की पाणी अडवणारा ब्रिकबॅट कोबा उत्तम होता, सोसायटीने गच्चीवर डिशचे स्टँड ठोकले म्हणून तो फुटला. तोपर्यंत पहिल्या साहेबांनी काय सांगितलं होतं ते न्यायाधीशांना टिपणातून शोधावं लागतं, आणि बिल्डरच्या वकिलाने उलटतपासणीत त्यांना मुख्यतः हे विचारलेलं असतं की तुमची पदवी कोणत्या साली आणि याआधी किती वेळा या सोसायटीचा चहा प्यायलात. आता टबात या. दोघे शेजारी बसले आहेत. न्यायाधीश विचारतात, “ओल कोब्यातून की पाइपातून?” बिल्डरचे तज्ज्ञ म्हणतात, “साहेब, कोब्याचा प्रश्नच नाही. आम्ही गच्चीवर पाँडिंग टेस्ट घेतली, खाली थेंब नाही.” शेजारचे गृहस्थ खुर्चीतल्या खुर्चीत वळतात आणि अगदी मऊ आवाजात विचारतात, “सर, पाणी किती तास साठवलं होतं?” “दुपारभर.” “आणि नहाणी ट्रॅप बुजवला होता ना?” इथे जी थोडा वेळ शांतता पसरते तिच्यासाठी ऑस्ट्रेलियाने हा टब शोधला. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी निघून जायची वाट, उघडा ठेवून घेतलेली पाँडिंग टेस्ट म्हणजे बुडाशी भोक असलेल्या बादलीची परीक्षा. वकिलाला हा प्रश्न सुचला नसता, आणि सुचला असता तरी तज्ज्ञाने त्याला इंजिनिअरिंगच्या चार शब्दांत गुंडाळून परत पाठवला असता. आपल्याच धंद्यातल्या, तितक्याच शिकलेल्या माणसाला तसं गुंडाळता येत नाही. तो पाणी जोखून असतो. मराठीत एकमेकांचा द्वेष करण्याला ‘पाण्यात पाहणं’ म्हणतात. इथे त्या पाहण्याचा न्यायाला उपयोग होतो, एवढंच.

म्हणजे टबात माणसं सैल होतात म्हणून खरं बाहेर येतं, असं नाही. उलट ती जास्त सावध होतात. बरोबरीच्या माणसासमोर थाप मारायला जीभ अडखळते, हा पहिला भाग. दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा : त्या दोघांच्या वर एक कोरडा माणूस बसलेला आहे. विषयपत्रिका त्याच्या हातात आहे, कुणी किती बोलायचं ते तो ठरवतो, आणि निकालातून त्याच्या खिशात काही जात नाही. तो पाण्यात उतरत नाही. पाणी कढलं की विसण घालतो, फार कोमट झालं की बंबाखाली एक ढलपी सरकवतो. नुसते दोन तज्ज्ञ एकत्र बसवून न्याय मिळत असता तर टीव्हीवरच्या रात्री नऊच्या चर्चेतून रोज एक निकाल बाहेर पडला असता. तिथे तज्ज्ञ आठ असतात आणि नळही चालू असतो, पण विसण घालायला बसवलेल्या माणसाची कमाईच पाणी उकळण्यावर असते.

या पद्धतीवरचे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला असा की टबात ज्याचा घसा मोठा तो जिंकेल. सभा गाजवणारा प्राध्यापक बोलत राहील आणि आयुष्यभर प्रयोगशाळेत वाकून बसलेला खरा जाणकार ‘हो, म्हणजे तसं नाही’ एवढंच म्हणून गप्प बसेल. हा धोका खरा आहे, पण जुन्या पद्धतीत तो कमी होता का? उलटतपासणीतही पोपटपंची करणारा तरून जातो आणि लाजरा माणूस घामाघूम होतो, शिवाय तिथे त्याला घाम फोडण्याचे वकिलाला वेगळे पैसे मिळतात. टबात निदान न्यायाधीश ‘थांबा, यांना बोलू द्या’ म्हणू शकतात. दुसरा आक्षेप उलटतपासणी संपेल असा. ती संपत नाही, मागे सरकते. वकिलाला प्रश्न विचारायला बंदी नसते, फक्त पहिलं पाऊल त्याचं नसतं. ज्या वकिलाचं सगळं भांडवल पहिल्या पावलात होतं त्याला हे जाचणारच. तिसरा आक्षेप जास्त नाजूक : दोघे तज्ज्ञ वकिलांना बाहेर ठेवून एकत्र बसले की आपापसांत साटंलोटं करतील, तुझं अर्धं माझं अर्धं म्हणून कागद तयार करतील. उद्या दुसऱ्या खटल्यात हेच दोघे समोरासमोर यायचे असतात. इथे हेड्रियनचे म्हातारे पुन्हा भिंतीशी उभे राहतात. एकमेकांच्या पाठी चोळा हा सम्राटाचा तोडगा न्हाणीघरात ठीक, न्यायालयात तोच रोग आहे. त्यावर औषध एकच. एकमताच्या कागदावर न्यायाधीशाने डोळे मिटून सही करू नये. मतभेद का मिटला हेही विचारावं.

आणि याच जागी मला जो आक्षेप खरोखर जड वाटतो तो येतो. हे सगळं करायला न्यायाधीशाने आधी सगळे कागद वाचलेले हवेत, आणि नहाणी ट्रॅप म्हणजे काय हेही त्याला कळायला हवं. इंग्लंडमध्ये २०१६ साली सिव्हिल जस्टिस काउन्सिलने आढावा घेतला तेव्हा ज्यांनी ही पद्धत वापरली त्यांचं मत बहुतांशी चांगलं होतं, पण न्यायाधीशाची पूर्वतयारी वाढते हेही दिसलं. आपल्याकडे एका दिवसाच्या बोर्डावर प्रकरणांची जी माळ लागलेली असते ती पाहता, प्रत्येक गळतीचा खटला टबात घालायचा म्हटलं तर न्यायमूर्तींनी झोपायचं कधी? याला गोड उत्तर नाही. पेटंट, बांधकाम, कंपन्यांचं मूल्यांकन अशा जिथे तज्ज्ञांवरच सगळी भिस्त आहे तिथे ही तयारी परवडते, बाकीच्या ठिकाणी जुनी बादली बरी. पण आक्षेप नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूने बोलतो. टबाचा सगळा भार विसण घालणाऱ्यावर पडतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता धंदा. धंद्याने टबाकडून दोन गोष्टी उचलल्या. पहिली सरळ विक्रीची, आणि तिच्यावर फार वेळ घालवायला नको. लोणावळ्याच्या भाड्याच्या बंगल्यांच्या जाहिरातीत डोंगर असो वा नसो, जाकुझी असते, आणि भर पावसात, जिथे आकाशातून फुकट पाणी कोसळतंय, तिथे माणसं गरम पाण्याचे वेगळे पैसे भरतात. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर फुगवलेल्या टबात बसून प्रेक्षकांशी गप्पा मारायची टूम इतकी फोफावली की जाहिरातदार कुरकुरू लागले आणि मे २०२१ मध्ये कंपनीने ‘पूल, हॉट टब आणि समुद्रकिनारे’ असा वेगळा विभागच उघडून दिला. वाहत्या गंगेत हात धुणं म्हणतात ते हेच, फक्त गंगा भाड्याची आणि प्लॅस्टिकची. दुसरी उचल जास्त महत्त्वाची आहे, कारण तिने समतेचा दावा केला. १९७२ साली नोलन बुशनेलने साथीदारासह अटारी कंपनी काढली, ‘पाँग’ नावाच्या खेळाने ती गाजली, आणि पुढे तिथल्या काही बैठका हॉट टबात होत असत हे सर्वश्रुत झालं. त्या काळी ही मोठी क्रांती वाटली : टाय नाही, टेबल नाही, साहेब आणि इंजिनिअर एकाच पाण्यात. २०१८ मध्ये खेळ बनवणाऱ्यांच्या जागतिक परिषदेने बुशनेलला मानाचा पुरस्कार जाहीर केला तेव्हा याच टबाचा विषय निघाला. अशा बैठकांचं वातावरण स्त्रियांसाठी कसं होतं, असं अनेकांनी विचारलं. परिषदेने पुरस्कार मागे घेतला आणि बुशनेलनेही त्या निर्णयाचं स्वागत केलं. अटारीत काम केलेल्या काही स्त्रियांनी पुढे आपल्या कंपनीची बाजूही घेतली, आपल्याला तिथे त्रास झाला नाही असं सांगितलं. त्यांचं म्हणणं खरं मानूनही माझा प्रश्न उरतोच : साहेबाच्या टबात, साहेबाच्या पगारावर बसलेल्या माणसाने ‘पाणी फार कढत आहे’ असं म्हणायचं कुणाला? न येण्याचं स्वातंत्र्य त्याला होतं, पण मग बैठकीत जे ठरलं ते त्याला दुसऱ्या दिवशी जिन्यात कळणार.

यावर आजचे व्यवस्थापक म्हणतील की तो जमाना गेला. आता टब नाही, मोकळी ऑफिसं आहेत, खुर्ची कुणाची ठरलेली नाही, साहेबही तुमच्याच टेबलावर बसतो आणि त्याला सगळे पहिल्या नावाने हाक मारतात. पाणी काढून टाकलं तरी हौद तोच आहे. पहिल्या नावाने हाक मारल्याने पगारवाढीच्या पत्रावरची सही बदलत नाही. दुसरं उत्तर ते असं देतात की आम्ही बाहेरून तटस्थ माणूस बोलावतो. तो रिसॉर्टवर येतो, सगळ्यांना गोलात बसवतो, रंगीत चिठ्ठ्या वाटतो आणि ‘इथे कुणी मोठा नाही, मनात येईल ते बोला’ असं सांगतो. म्हणजे विसण घालायला माणूस ठेवला, हे तत्त्वतः बरोबरच झालं. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक नवी मुलगी खरंच मनात आलेलं बोलते, की गेल्या तिमाहीचं वेळापत्रक मुळातच अशक्य होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. गोलात शांतता पसरते, नहाणी ट्रॅपनंतर पसरली होती तशीच. तटस्थ माणूस हातातला तांब्या तसाच धरून, ज्याच्या सहीने त्याचा चेक निघणार आहे त्या गृहस्थांकडे वळतो आणि हसून विचारतो, “सर, पाणी बरोबर आहे ना?”